सर्पदंश : पान लागल्यापासून पहिल्या वायलपर्यंत

कातळफूल

पावसाळा लागला की मला आजही रात्री दोन-तीनच्या सुमारास जाग येते. सात वर्षं कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते, त्याची ही सवय. त्या वेळेला क्वार्टरच्या दारावर थाप पडली की बाहेर एक तर अडलेली बाई असायची, नाहीतर पान लागलेला, म्हणजे साप चावलेला माणूस.

एका वर्षीचा जुलै डोक्यातून जात नाही. नऊ वर्षांचा मुलगा. पहाटे चारला पोटात दुखतंय म्हणून उठला, दोनदा उलटी केली. रात्रीचं शिळं बाधलं असेल म्हणून आईने ओवा दिला. मग तो म्हणायला लागला, "आये, माका दोन-दोन दिसतत." घरच्यांनी आधी देवळात नेऊन गाऱ्हाणं घातलं आणि उजाडल्यावर माझ्याकडे आणलं. पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या. "वर बघ" म्हटलं की डोळे तिथेच आणि कपाळाला आठ्या. अंगावर सूज नाही, जखम नाही. कानामागे टाचणी टोचल्यासारखे दोन ठिपके, तेही सिस्टरने बॅटरी धरली तेव्हा दिसले. पोरं जमिनीवर गोधडी टाकून झोपलेली. मण्यार.

कपाटात सर्पदंशावरच्या लसीच्या दहा वायल, म्हणजे कुप्या होत्या, पावडरच्या. प्रत्येकीत दहा मिली पाणी घालायचं. जोरात हलवायची नाही, फेस होतो. दोन तळव्यांत धरून रवी फिरवावी तशी हळूहळू फिरवायची. आम्ही दोघी बाकावर बसून वायल फिरवत होतो आणि तो मुलगा आमच्याकडे बघत होता. आई म्हणाली, "बाई, एवढ्याशा पोराक एवढा सगळा?" तिला सांगितलं, साप लहान-मोठं बघून विष मोजून घालत नाही, म्हणून लसही पोराला आणि बापाला सारखीच लागते.

मण्यारीचं विष नसेच्या टोकाला एकदा चिकटलं की लस ते सोडवू शकत नाही, उरलेलं तेवढं अडवते. त्यामुळे लस चालू असतानाच त्याचा श्वास उथळ झाला. १०८ मध्ये जिल्हा रुग्णालयापर्यंत दोन तास अँब्यू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायचा फुगा, दाबत गेलो. एक हात तोंडावरच्या मास्कवर, दुसरा फुग्यावर, आणि मनात आकडे. घाटात गाडी वळली की मास्क सरकायचा. तो मुलगा चार दिवस व्हेंटिलेटरवर होता, पाचव्या दिवशी स्वतःचा श्वास घेतला. आज तो बारावीला आहे.

त्याच महिन्यात दुसरा रुग्ण. बेचाळीस वर्षांचा माणूस, लावणी करताना घोणस चावलेली. तो भगताकडे गेला नाही, तडक दवाखान्यात गेला. तिथे लस होती. पण लसीची रिअ‍ॅक्शन येते, पेशंट हातात दगावला तर लोक दवाखाना फोडतील, या भीतीने चिठ्ठी मिळाली : पुढे न्या. पुढच्यांनीही लिहिलं, पुढे न्या. तीन दवाखाने आणि साडेपाच तास झाल्यावर पहिली वायल लागली. तोवर हिरड्यांतून रक्त येत होतं, लघवी थांबली होती. डायलिसिसवर असताना अकराव्या दिवशी दगावला.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ५४ लाख लोकांना साप चावतो आणि ८१,००० ते १,३८,००० माणसं मरतात. हात-पाय गमावणारे किंवा कायमचे अधू होणारे त्याच्या तिप्पट. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत जवळपास १२ लाख मृत्यू, म्हणजे सरासरी वर्षाला ५८,०००. हा आकडा घरोघरी जाऊन मृत्यूची कारणं विचारणाऱ्या पाहणीतून आला, कारण यातली बहुतेक माणसं खेड्यात, घरीच जातात आणि दवाखान्याच्या नोंदवहीत त्यांचा फार थोडा भाग उतरतो. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. पावाहून अधिक पंधरा वर्षांखालची मुलं.

आणि एवढं असून जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या वरच्या यादीत घेतलं ते २०१७ मध्ये. २०१९ मध्ये ठरलं की २०३० पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणायचं. भारताचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये आला, लक्ष्य तेच. २०३० काही लांब नाही.

मी पाहिलेल्या या दोन्ही केसेसमध्ये औषध होतं. मधले तास खाल्ले गेले. एकाचे देवळात, एकाचे चिठ्ठीत. हे तास कुठे कुठे जातात आणि कुणी ते वाचवून दाखवलेत, यावर इथे बोलूया. तुमच्याकडचं लिहा.


पऱ्हाटी

मॅडम, धागा काढला हे फार बरं केलं. मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे तास नंतर जातात, आधी सापाशी गाठ कशी पडते ते सांगतो.

कृषिपंपाची लाईन. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रब्बीत हरभरा-गव्हाला ओलीत करायचं म्हणजे रात्री बारा-एकला वावरात जायचं, बॅटरी तोंडात धरायची, फावड्याने दांड फोडायचा. पाय चिखलात, धुऱ्यावर गवत. पाणी बिळात शिरलं की जनावर वर येतं आणि धुऱ्याच्या कोरड्या जागेवर बसतं. आपला पायही तिथंच पडतो. माझ्या चुलतभावाला असंच झालं, घोणस होती. वाचला, पण पोटरीचं मास गेलं, आता लंगडत चालतो. एक एकर सोयाबीन त्या वर्षी उभंच वाळलं.

दिवसा लाईन द्या ही मागणी आम्ही लोक वर्षानुवर्षं करतो आहोत. ती पिकासाठी तर आहेच, पण अर्धी जिवासाठी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, जिथं सौर फिडर चालू झाला तिथं लोकं दिवसा ओलीत करतात. दवाखाना सुधारा हे खरंच, पण ऊर्जा खात्याच्या कागदावर सर्पदंश हा शब्द यायला पाहिजे.


अनघा_ठाणे

वरचं वाचून सुन्न झाले. विजेचा आणि सर्पदंशाचा असा संबंध असेल हे आम्हा शहरातल्यांच्या मनातही येत नाही.

एक प्रश्न : मण्यार इतकी विषारी, तर चावलेलं कळत कसं नाही?


बिळापाशी

मी वीस वर्षं साप पकडून सोडतो आहे, उत्तर देतो.

मण्यारीचे दात बारीक आणि विषाने जळजळ होत नाही. ती निशाचर, पाली आणि दुसरे छोटे साप खाते, त्यांच्या मागावर घरात येते. झोपलेला माणूस कूस बदलतो, हात तिच्यावर पडतो. मुंगी चावली म्हणून माणूस परत झोपतो. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं कुणी पहाटे अशी तक्रार घेऊन उठलं तर अपचन म्हणू नका, गाडी काढा. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणं याने फार फरक पडतो. नेपाळच्या तराईत, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यात, तसा अभ्यासही झालेला आहे.

लोकांची गफलत होते ती कवड्या सापाशी. कवड्या बिनविषारी. त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचं उलटं. पण हे वाचून कुणी घरात उभं राहून पट्टे मोजू नका. साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात नेऊ नका, त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांना मिळून लस एकच आहे.

ही लस येते कुठून तेही सांगतो. तमिळनाडूत इरुळा नावाची आदिवासी जमात आहे. पूर्वी कातड्यासाठी साप धरायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि पुढे कातड्याचा व्यापार बंद झाला, पोटावर पाय आला. १९७८ मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप धरायचा, मडक्यात ठेवायचा, ठरावीक दिवसांनी विष काढायचं आणि परत रानात सोडायचा. देशातल्या लसीसाठी लागणारं बहुतेक विष ही माणसं पुरवतात. त्यांच्यातले वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ते विष थोडं थोडं घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, ती काढून लस होते. आपल्याकडे हाफकिनची लस ती हीच.


शशांक_वि

सर्व वाचतो आहे. एक शंका. विष तमिळनाडूतल्या सापांचं आणि चावणारा साप आपल्याकडचा. सारखाच परिणाम होतो का?


कातळफूल

शशांक, अगदी मुद्द्याचा प्रश्न. होत नाही, निदान तितकाच होत नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटाने वेगवेगळ्या राज्यांतल्या सापांचं विष तपासलं, तेव्हा एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं आणि लस काही ठिकाणी कमी पडते हे स्पष्ट झालं. त्याशिवाय चापड्यासारखे साप आहेत, त्यांच्यावर ही लस चालतच नाही. सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या डॉक्टरांना हे माहीत असणं फार गरजेचं आहे. नाहीतर रक्त गोठत नाही म्हणून वायलवर वायल दिल्या जातात.

हा प्रश्न लसीइतकाच जुना आहे. आल्बेर काल्मेत हे फ्रेंच डॉक्टर व्हिएतनाममधल्या सायगॉनला होते, तिथे १८९१ च्या सुमारास पुरात नाग घरांत शिरले, माणसं मेली. त्यातून त्यांनी काम सुरू केलं आणि १८९५ मध्ये पहिली लस आणली. त्यांना वाटलं, एक लस सगळ्या सापांना चालेल. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यांनी ती तिथल्या सापांवर वापरून पाहिली. चालली नाही. जिथला साप, तिथली लस, हे त्यांनी दाखवून दिलं.

त्यांनी पुढे जे केलं ते मला फार आवडतं. साओ पावलोच्या बुतांतान संस्थेला विषासाठी साप हवे होते आणि शेतकऱ्यांना लस हवी होती. शेतकऱ्याने लाकडी पेटीत साप घालून रेल्वेने पाठवायचा, भाडं माफ, आणि बदल्यात संस्थेने लसीच्या कुप्या पाठवायच्या. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. साप आणि लस दोन्ही एकाच गावचे. ब्राझीलमध्ये आजही लस सरकारी संस्थांत बनते आणि फुकट मिळते.


सुगीचे_दिवस

मी काही वर्षं नायजेरियात होतो, कानो शहरात, औषधांच्या वितरणात. तिकडचं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या गोदामातल्या एका मदतनिसाचा पुतण्या बाजरीच्या शेतात चावला गेला. तिकडचा साप म्हणजे आपल्या फुरशाचा सख्खा चुलतभाऊ. तसाच हातभर लांब, तसंच अंगावर अंग घासून खरखर आवाज करणारा. कापणीला, पेरणीला अनवाणी पायाला चावतो. घरच्यांनी एक शेळी आणि एक बैल विकून लस घेतली. बैल विकून. पोरगा वाचला, पण पुढच्या पेरणीला दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जायला लागला. सर्पदंशाने मेलेल्यांचे आकडे निघतात, असे बैल कोण मोजतं?

आफ्रिकेत आणखी एक गोष्ट घडली ती सांगायला मला लाज वाटते, पण सांगायला हवी. २००४ च्या सुमारास घानात स्वस्त म्हणून भारतात बनलेली लस आली. ती तिथल्या सापावर चालत नव्हती. दंश झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेलं. बाटली दिसायला तीच, रंग तोच, डॉक्टरने दिली, नातेवाइकांनी पैसे भरले, आणि माणूस गेला. अशा ठिकाणी लोक पुन्हा वैदूकडे वळले तर दोष कुणाला द्यायचा?

चांगली लस होती तिचंही ऐका. सनोफी या फ्रेंच औषध कंपनीची फाव-आफ्रिक ही आफ्रिकेतल्या दहा सापांवर चालणारी लस. परवडत नाही म्हणून २०१४ मध्ये उत्पादन थांबवलं. शेवटच्या साठ्याची मुदत जून २०१६ मध्ये संपली. घेणारे गरीब, म्हणून विकणारा उठून गेला.

मग मदतीला आलं कोण, तर कोस्टा रिका. भंडारा-गोंदियाएवढ्या लोकवस्तीच्या दुप्पट माणसं असतील त्या देशात. त्यांच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेने नायजेरियाच्या सापांचं विष मागवून तिकडे घोड्यांत लस बनवली. गोंबे राज्यात काल्तुंगोला सर्पदंशाचा मोठा दवाखाना आहे, तिथे ४०० रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि ती वापरात आली. या देशाने १९४८ मध्ये आपलं सैन्य बरखास्त केलं होतं. पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळवला. सुरक्षा म्हणजे काय याचं त्यांनी त्यांच्यापुरतं दिलेलं उत्तर मला पटतं.


बिळापाशी

सुगीचे_दिवस, बैलाचं वाचून घशात आवंढा आला.

आपल्याकडे लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, पण रात्री खासगी गाडी, खासगी आयसीयू, व्हेंटिलेटरचं भाडं यात लोकांचं सोनं जातं. बाईच्या गळ्यातलं मणीमंगळसूत्र मी मोडताना पाहिलं आहे.


निळी_शाई

मी आतापर्यंत फक्त वाचत होते.

माझा भाऊ २०११ मध्ये गेला. नाग होता. गावात आमच्या देवळाची ख्याती आहे, पान लागलेल्याला पारावर ठेवतात, रात्रभर जागर करतात, सकाळी माणूस उठून बसतो. आणि उठायचेही, आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. तो उठला नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, मला समजत होतं, तरी मोठ्यांपुढे बोलले नाही.

नंतर कळलं की बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणून इतके लोक उठून बसायचे. हे तेव्हा कुणी पारावर येऊन सांगितलं असतं तर.

माझी एकच मागणी आहे. या भगतांवर, पुजाऱ्यांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हे दाखल झाले पाहिजेत. २०१३ चा कायदा आहे. साप, विंचू, कुत्रं चावल्यावर वैद्यकीय उपचार घेऊ न देणं हा त्यात गुन्हाच आहे.


पऱ्हाटी

ताई, तुमचं दुःख समजतं. कायदा पाहिजेच, आडवा येणाऱ्याला सोडू नये.

पण रात्री दोनला आमच्या तांड्यावर भगत जागा असतो आणि उपकेंद्राला कुलूप असतं. तो चप्पल न घालता धावत येतो. दवाखाना सतरा किलोमीटर. त्याला आत टाकलं तर लोकं दुसरा शोधतील. आमच्या इथं एका आशाताईने वेगळं केलं. त्या म्हाताऱ्याकडे गेल्या, म्हणाल्या, बाबा, तुम्ही अंगारा लावा, पण गाडीत बसून लावा. आता तो स्वतः पेशंटच्या बरोबर येतो. दोन वर्षांत तीन माणसं त्याने आणली.


निळी_शाई

गाडीत बसून लावा. हे मला चालेल. पण जो गाडीत बसायला तयार नाही, त्याच्यावर मात्र गुन्हा.


कातळफूल

निळी_शाई, तुम्ही लिहिलंत यासाठी मनापासून आभार. तुमचं आणि पऱ्हाटी यांचं, दोन्ही खरं आहे. माझ्या केंद्रात आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या मनगटाला दोरा असायचा. मी तो कधी काढायला लावला नाही. पायाला करकचून बांधलेली दोरी मात्र काढायला लागायची, तीही लस सुरू झाल्यावर, हळूहळू. एकदम सोडली की अडलेलं विष एका दमात अंगात जातं. म्हणून बांधूच नये. ब्लेडने कापू नये, तोंडाने ओढू नये, मिरच्या किंवा कडुलिंब चावायला देऊन चव विचारत बसू नये. अंगठी, जोडवी, बांगड्या काढाव्या, सूज येते. चावलेला हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा आणि माणसाला चालवू नये.


वाटाड्या

चालवू नये यावरून. नेपाळचा विषय निघालाच आहे तर हे लिहितो. मी जलविद्युतच्या कामावर पूर्व नेपाळमध्ये होतो. तिथल्या दमक शहरात सर्पदंशाचं केंद्र आहे. तिथल्या गावांनी मोटरसायकलवाल्या पोरांची यादी केली. कुणाला चावलं की यादीतल्या पोराला हाक मारायची, तो गाडी काढणार, पेशंट मध्ये, मागे तिसरा माणूस धरायला, आणि सुसाट केंद्राकडे. बाकी नवीन काही नाही. लस तीच, डॉक्टर तेच. त्या गावांत मृत्यूचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आलं.

ही लस बहुतेक भारतातूनच जाते, बरं का. आपली लस, आपल्यासारखीच तराई, आपल्यासारख्याच बाइक. मग प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चार पोरांचे नंबर रंगवायला काय लागतं?


अनघा_ठाणे

हे वाचून लगेच गावच्या ग्रुपवर टाकलं. दोन मुलांनी नावं दिली.


शशांक_वि

नवीन संशोधनाबद्दल कुणी लिहील का? सगळ्या सापांवर चालणारी लस वगैरे.


सुगीचे_दिवस

थोडक्यात लिहितो. २०२४ मध्ये बेंगळुरूचाच गट आणि अमेरिकेतली स्क्रिप्स संस्था यांनी प्रयोगशाळेत बनवलेलं एक प्रतिद्रव्य जाहीर केलं, नाग, मण्यार आणि आफ्रिकेतला मांबा यांच्या विषातल्या एका मोठ्या गटाला ते अडवतं. घोडा लागत नाही, त्यामुळे रिअ‍ॅक्शनची भीती कमी व्हावी. पण उंदरांपर्यंतच आलंय, आणि घोणशीच्या विषाचा प्रकारच वेगळा.

मला त्याहून दक्षिण सुदानमधलं अगोक आठवतं. तिथे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या आंतरराष्ट्रीय संघटनेचा दवाखाना सर्पदंशाचे रुग्ण घ्यायचा, चालत दोन-दोन दिवसांवरून माणसं यायची. २०२२ मध्ये तिथे हिंसाचार उसळला, लोक पळाले आणि दवाखाना बंद करावा लागला. पळालेली माणसं झाडाखाली, उघड्यावर, जमिनीवर झोपली. सापांना त्याहून सोयीचं काय असतं? लस कितीही चांगली निघो, ती ठेवायला एक कपाट आणि कपाटाशेजारी एक माणूस टिकायला हवा.


कातळफूल

कपाटाशेजारचा माणूस, हाच माझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

नव्या एमबीबीएस डॉक्टरला लसीची भीती का वाटते? कारण रिअ‍ॅक्शन खरी असते. दहा मिनिटांत अंगावर गांधी उठतात, दम लागतो, बीपी पडतं. पण त्यावर अ‍ॅड्रिनलिन आहे, एका इंजेक्शनचा खेळ. मी नवीन होते तेव्हा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम वाचून धीर आला होता. लाल विंचू चावलेली पोरं कोकणात पटापट दगावायची, तेव्हा त्यांनी पोलादपूर-महाडकडच्या साध्या दवाखान्यात, पेशंटच्या उशाशी रात्र-रात्र बसून प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि ती मरणं जवळपास थांबवली. मोठं यंत्र नव्हतं, बसून राहणं होतं.

आणि तपासणीही साधी आहे. घोणस-फुरशाला एक कोरडी काचेची नळी लागते. दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय, लस सुरू करा. प्लॅस्टिकची नळी चालत नाही आणि साबणाने धुतलेली काचेचीही नाही, उत्तर चुकतं. आमच्याकडे एकदा नव्या नळ्या संपल्या, तेव्हा सिस्टरने इंजेक्शनची रिकामी कोरी काचेची बाटली वापरली होती. भिंतीवरच्या घड्याळाखाली उभ्या राहून त्या वीस मिनिटं मोजत होत्या, आणि बाहेर नातेवाईक ओरडत होते की इथे नुसते उभे राहिलेत.

ज्यांना काही करायचं आहे त्यांनी आपल्या जवळच्या केंद्रात जाऊन पाच गोष्टी बघाव्यात. भांडायला जाऊ नका, विचारायला जा. लसीच्या दहा तरी वायल आहेत का आणि मुदत कधीची. अ‍ॅड्रिनलिन आहे का. अँब्यू बॅग फुगते का, मोठा आणि लहान दोन्ही मास्क आहेत का. काचेची नळी. आणि रात्री कोण असतं.


वाटाड्या

शेतात चावलं तर सरकारी मदतीचंही कुणी विचारा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख मिळतात, पण लोकांना ठाऊक नसतं.


पऱ्हाटी

आज गेलो होतो. बायकोला आणि त्या आशाताईंना घेऊन गेलो.

डॉक्टर पोरगीच आहे, पंचविशीची, चांगली बोलली. वायल चौदा, मुदत पुढच्या वर्षीच्या मार्चची. अ‍ॅड्रिनलिन आहे. काचेच्या नळ्या नव्हत्या, प्लॅस्टिकच्या होत्या, तिने लगेच चिठ्ठी लिहिली मागवायला. अँब्यू बॅग खोक्यात होती, खोकं उघडलं तर मोठा मास्क आहे, लहान मुलाचा नाही. तिने माझ्यासमोर फुगा दाबून बघितला. म्हणाली, इथे आल्यापासून कुणी पहिल्यांदाच विचारायला आलं.

रात्री शिपाई असतो, डॉक्टर आठवड्यातले चार दिवस क्वार्टरला राहते. उरलेल्या तीन दिवसांचं काय, ते तिलाही माहीत नाही. सोमवारी तालुक्याला आरोग्य अधिकाऱ्यांकडे जायचं ठरलं आहे, लहान मास्क आणि तीन रात्री, दोन्ही अर्जात लिहिलंय. म्हाताऱ्या भगतालाही सोबत नेतो आहे, तो स्वतःहून येतो म्हणाला.


निळी_शाई

अर्जाचा मसुदा इथे टाकाल का? मी आमच्या तालुक्याला देते.


पऱ्हाटी

टाकतो. हाताने लिहिलेला आहे, रात्री टाइप करतो. लाईन आज दिवसाची आहे.